आईचा स्वतःसाठीचा वेळ : तो कसा काढला, कोणी काम उचलले?

आईने स्वतःकडेही लक्ष द्यावे, असे सगळेच सांगतात. परंतु तो वेळ निघायचा कुठून, यावर फारसे कोणी बोलत नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांची रोज सरासरी २९९ मिनिटे त्या कामात जातात असे दिसले, तर पुरुषांची ९७. अशा स्थितीत आपण स्वतःसाठी वेळ कसा राखला आणि घरच्यांनी नेमके कोणते काम उचलले, हे गोव्यातील मातांनी मोकळेपणाने लिहावे, ही विनंती.

फोंडा
मी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करते. धाकटा चालू लागला त्या सुमारास मला जिना चढतानाही धाप लागू लागली. दोन लहान मुले म्हटल्यावर असे व्हायचेच, असे घरात धरून चालले होते. रक्त तपासल्यावर मात्र हिमोग्लोबिन बरेच कमी निघाले. बाळंतपणानंतर थायरॉइडही बिघडू शकते, म्हणून डॉक्टरांनी तीही तपासणी करून घेतली. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, हे तेव्हा समजले. गोळ्यांनी अंगात त्राण आले, पण खरा फरक पडला तो सकाळच्या कामांची वाटणी झाल्यावर. दारोदार पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा वाजला की पाव घेणे, डबे भरणे आणि मुलांना बसपर्यंत सोडणे हे सारे यजमानांनी कायमचे आपल्याकडे घेतले. डब्यात काय द्यायचे हेही तेच ठरवतात, आणि माझ्या मते ठरवण्याचे हे ओझे उतरणे सर्वांत मोलाचे आहे. तेवढ्या वेळात मी चालून येते.

डिचोली
आमच्या वाड्यावरच्या महिला भजनी मंडळाची तालीम ठरलेल्या संध्याकाळी असते आणि त्या दिवशी रात्रीचे जेवण सासूबाई व मुलगी करतात. सासूबाई सांगतात, की त्यांच्या तरुणपणी पौषात धालो, म्हणजे बायकांचा नाच-गाण्यांचा उत्सव, सुरू झाले की रात्री मांडावर, म्हणजे त्यासाठी राखलेल्या जागेवर, बायकांचेच राज्य असे, आणि दिवसभर कितीही राबलेली बाई तिथे हक्काने जाई. आता सुनेला तालमीला पाठवताना त्यांना मुळीच वावगे वाटत नाही.

पणजी
प्रसूती लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा मिळते आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक आहे. नोकरदार आयांनी ती सोय लेखी मागावी. मी मागितली.

पेडणे
माझ्या मुलाला स्वमग्नता आहे आणि त्याला एकटे सोडता येत नाही. त्यामुळे 'वेळ काढ गं' असे कोणी म्हटले की मला वाईट वाटते, कारण माझ्या जागी उभे राहायला घरात दुसरे कोणीच नाही. जवळच्याच गावात अशाच मुलाची आई भेटली. आठवड्यातून एका दुपारी तिचा मुलगा माझ्याकडे आणि एका दुपारी माझा तिच्याकडे, असे आम्ही ठरवले आहे. मुलाला काय खायला चालते, कोणता आवाज सहन होत नाही आणि तो बिथरला तर काय करावे, हे दोघींनी वहीत लिहून दिले आहे. माझ्या दुपारी मी बहुतेक वेळा झोपते, आणि झोप हीच मला सर्वांत मोठी गरज वाटते. फार कोंडमारा झाला तेव्हा १४४१६ या टेलि-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या, मोफत क्रमांकावर बोलले. आमच्या भागातील आणखी कोणी माता या दुपारच्या वाटणीत सामील होणार असतील, तर त्यांनी इथे जरूर लिहावे. तीन मुले एकत्र सांभाळणे कठीण आहे, परंतु तिसरी आई असेल तर एकीच्या आजारपणात दुसरीची दुपार बुडणार नाही.