कृतीचा लेख वाचक अर्ध्यात का सोडतो?

सुपारीबाग: सुपारी कुजवणाऱ्या कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण कसं करायचं, यावर बागायतदारांच्या पत्रकात लेख द्यायचाय. सुरुवात अशी केलीय: ‘१८८५ साली फ्रान्समध्ये मिलार्डे यांनी हे मिश्रण पुढे आणले. अत्यंत गुणकारी असे हे बुरशीनाशक योग्य प्रमाणात मिसळून वापरावे.’ वाचायला दिलं की लोक इथेच थांबतात. भाषा जड होतेय का?

मुद्रितशोधक: भाषेचं काही नाही, ‘योग्य प्रमाणात’ नडतंय. पाऊस तोंडावर आलाय, वाचणाऱ्याला आकडे हवेत. पहिल्याच ओळीत द्या: एक टक्का मिश्रणासाठी मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १०० लिटर. ‘अत्यंत गुणकारी’ काढा. ते माहीत आहे म्हणूनच तर त्याने पत्रक उघडलं.

बांधावरचा: आकडे दिले तरी अर्धंच काम झालं. कारण न सांगितलेली पायरी लोक सरळ गाळतात. नुसतं ‘प्लास्टिकचं पिंप घ्या’ लिहाल तर घरातली लोखंडी बादली पुढे येणारच. मोरचुदातलं तांबं लोखंडावर चढतं आणि औषधातलं कमी होतं, हे त्याच वाक्यात हवं.

मोरचूद ५० लिटरमध्ये, चुना उरलेल्या ५० मध्ये, मग दोन्ही एकदमच तिसऱ्या पिंपात ओतत ढवळायचं. चुन्याचं पाणी आधी फडक्यातून गाळायचं, नाहीतर नोझल तुंबतं.

खिळ्याला मात्र ऐसपैस जागा द्या. घासून लख्ख केलेला लोखंडी खिळा मिश्रणात बुडवून काढायचा. तांबूस दिसला तर चुना कमी आहे; तसंच फवारलं तर कोवळा भाग करपतो. चुना जुना, हवेत पडून भुकटी झालेला असला की १ किलो पुरत नाही. म्हणजे तुमचा आकडा बरोबर असूनही मिश्रण बिघडणार, आणि दोष लेखाला!

द्राक्षवेल: मिलार्डेंना अगदीच हाकलू नका. फ्रान्समधल्या मेडॉक या द्राक्षांच्या भागात रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना मारत ते चोरांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून, आणि केवडा या बुरशीसारख्या रोगातून नेमक्या त्याच वेली वाचल्या, हे मिलार्डेंच्या लक्षात आलं. एवढं वाचलं की फवारा रोग दिसण्याआधी का घ्यायचा, हे वेगळं पटवावं लागत नाही. लोक गंमत म्हणूनही वाचतातच की. कृतीनंतर चौकटीत टाका, चार ओळी.

सुपारीबाग: चौकट करते. ‘त्याच दिवशी वापरावे’ हे शेवटी घेऊ?

मुद्रितशोधक: नको, चुना भिजवायच्या आधी घ्या. लोक वाचता वाचताच कामाला लागतात. शेवटची ओळ येईपर्यंत संध्याकाळी पिंप भरून ठेवलेलं असतं, आणि सकाळी गाळ तळाला.