रिक्सन ग्रेसी: ४००-० म्हणायचं की ११-०?

लालमाती

मी कोल्हापूरकडचा. लहानपण तालमीत गेलं. आता नोकरी पुण्यात, आणि गेली चार वर्षं संध्याकाळी ब्राझिलियन जिउ-जित्सू, म्हणजे जमिनीवर पकडीने लढायची विद्या. मॅटवर नवीन पोरगं आलं की आठवड्याभरात कुणीतरी त्याला सांगतंच: रिक्सन ग्रेसी, चारशे लढती, एकही हार नाही. परवा पुन्हा ऐकलं आणि गप्प बसवेना, म्हणून हा धागा.

रिक्सनला मी मानतो, आणि मानतो म्हणूनच हा आकडा सोडून द्यावा असं मला वाटतं.

ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी: रिक्सन (ब्राझीलमध्ये ‘हिक्सन’ म्हणतात, तिथे नावाच्या सुरुवातीचा ‘र’ हा ‘ह’सारखा येतो) रिओ दि जानेरोच्या ग्रेसी घराण्यातला, एलिओ ग्रेसींचा मुलगा. नियम ठरवून, लोकांसमोर झालेल्या आणि नोंद असलेल्या त्याच्या लढती ११. पहिली १९८० मध्ये ब्राझिलियाला, रेई झुलू नावाच्या दांडग्या गड्याशी. रिक्सन तेव्हा जेमतेम विशीतला. पुढे झुलूशीच रिओत दुसरी. जुलै १९९४ मध्ये जपानला एकाच दिवशी तीन. एप्रिल १९९५ मध्ये टोकियोच्या बुदोकान सभागृहात पुन्हा एका दिवशी तीन. मग टोकियो डोममध्ये नोबुहिको टाकादाशी दोनदा, ११ ऑक्टोबर १९९७ आणि बरोबर वर्षाने त्याच तारखेला. शेवटची मासाकात्सु फुनाकीशी, २६ मे २०००. अकराच्या अकरा निकाली. एकही पंचांच्या गुणांवर गेली नाही.

मग उरलेल्या ३८९ कुठल्या? त्यात जिउ-जित्सूच्या स्पर्धा धरतात, सँबो (रशियन कुस्ती) धरतात, अकादमीत आव्हान द्यायला आलेले धरतात, रस्त्यावरची भांडणंही धरतात. यादी मात्र कुणाकडे नाही. कोण, कुठे, कधी, काही नाही.

माझे आजोबा कुस्ती करायचे. त्यांची एक लांबट वही आमच्याकडे अजून आहे, किराणा दुकानात उधारी लिहायला असते तसली. गावाचं नाव, जत्रा, समोरचा पैलवान, इनाम किती आणि पुढे एक शब्द: ‘मारली’, ‘सोडवली’ किंवा ‘गेली’. ‘गेली’ असं एकोणीस ठिकाणी आहे. त्याच शाईत, तेवढ्याच मोठ्या अक्षरात. एका ओळीत इनामाचा आकडा खोडून कमी केलाय, म्हणजे आधी जास्त लिहिला गेला होता तोही त्यांनी दुरुस्त केला. असा हिशेब पाहत वाढलेल्या माणसाला ४००-० गळ्याखाली उतरत नाही.

निळापट्टा

दादा, वहीचं वाचून छान वाटलं. पण तुमच्या हिशेबातही खोट आहे.

७ डिसेंबर १९९४. योजी अंजो नावाचा जपानी व्यावसायिक कुस्तीगीर पत्रकारांना सोबत घेऊन लॉस एंजेलिसला रिक्सनच्या अकादमीत जाऊन धडकला. तुमचा रिक्सन आमच्याशी लढत नाही, घाबरतो, असा पवित्रा. रिक्सन घरून आला, पत्रकारांना दाराबाहेर थांबवलं, आणि आत जे व्हायचं ते झालं. अंजो बाहेर आला तेव्हा चेहरा रक्ताने माखलेला होता. त्याचे फोटो जपानभर छापून आले. हे प्रकरण पेटलं म्हणूनच पुढे टाकादाची लढत उभी राहिली. ही लढत खरी नव्हती? तुमच्या अकरात ती नाही.

१९८८ मध्ये रिओच्या किनाऱ्यावर उगो दुआर्तेशी झालं ते? वाळूत, गर्दीत, त्याचं चित्रीकरणही आहे. तेही अकरात नाही.

म्हणजे ४०० फुगलेला असेल, तर ११ आकसलेला आहे. त्या काळी रिओत जिउ-जित्सूवाले आणि लुता लिव्रे या दुसऱ्या ब्राझिलियन कुस्तीचे लोक यांच्यात उभा दावा होता. आव्हान आलं की दार लावून निकाल लावायचे. तिथे वही घेऊन कोण बसणार?

आणि थोडी आकडेमोड करा. पंधराव्या वर्षापासून चाळीसपर्यंत पंचवीस वर्षं. वर्षाला सोळा लढती झाल्या की चारशे भरतात. स्पर्धेत एका दिवसात चार-पाच सहज होतात. मी स्वतः मागच्या वर्षी दोन स्पर्धांत सात खेळले, तीही नोकरी आणि मुलाची शाळा सांभाळून. ज्याच्या घरात हेच शेत आणि हेच पीक, त्याला सोळा अवघड का वाटाव्यात?

आकडेमोड

निळापट्टाताई, चारशे खेळणं अवघड नाहीच. चारशे खेळून एकही न हरणं, तेही चौदा-पंधराव्या वर्षापासून, हे अवघड आहे. तुम्ही सातातल्या किती जिंकलात हे विचारत नाही, पण प्रश्न तोच आहे. पांढऱ्या पट्ट्यावर पहिल्याच वर्षी कुणीतरी गुणांवर हरवतंच.

दुसरं, प्रत्येक प्रकारची झटापट एकाच रकान्यात कशी टाकायची? मुठी चालणारी, जिथे दात पडतात ती लढत आणि गी (जाड सुती अंगरखा) घालून गुणांवर खेळलेला उपउपांत्य सामना यांना सारखंच ‘एक’ मोजायचं? मग फुनाकीवरच्या विजयाची किंमत चारशेत एक होते. मला हे फुनाकीवर अन्यायाचं वाटतं, आणि रिक्सनवरही.

टोकियो_डोम

फुनाकीचा विषय निघालाच आहे तर तिथे जरा थांबू या, कारण आकड्यांच्या वादात ती लढत कुणी नीट सांगतच नाही.

फुनाकी म्हणजे पॅनक्रेस ही लढती भरवणारी जपानी संघटना उभी करणाऱ्यांपैकी एक. टाकादाला लोक नाटकी कुस्तीतला म्हणून सोडून देतात, तसं याला म्हणता येत नाही. सामुराईच्या वेशात, तलवार घेऊन तो रिंगकडे आला. रिक्सन तेव्हा चाळिशीत. लढतीत त्याच्या डोळ्याला जबर मार बसला. रिक्सनची पाठ जमिनीवर असताना फुनाकी वरून त्याच्या पायांवर लाथा घालत होता, आणि हा पाय आखडून, श्वास मोजत, वेळ काढत होता.

मग एकदाची पकड मिळाली. वर बसला, ठोसे मारून फुनाकीला वळायला लावलं, पाठ मिळाली, हात गळ्याखाली गेला. फुनाकीने टॅप केलं नाही, म्हणजे थाप मारून हार मानली नाही. हात हळूहळू सैल पडले, डोळे उघडेच. पंचांनी सोडवलं तेव्हा तो बेशुद्ध होता.

ही लढत पाहिल्यावर मला आकड्याची गरजच उरली नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रिक्सनचा थोरला मुलगा रॉक्सन गेला, आणि रिक्सन पुन्हा कधी रिंगमध्ये उतरला नाही.

आकडेमोड

मान्य, पण समोर कोण होतं याचाही हिशेब हवा. १९९४ च्या तिघांपैकी एकाचं तरी नाव इथल्या किती जणांना आठवतं? आणि जपानी लढवय्या साकुराबा? त्याने १९९९ मध्ये रॉयलरला हरवलं, १ मे २००० ला रॉयसशी तब्बल ९० मिनिटं लढून टॉवेल टाकायला लावला, पुढे रेन्झो, मग रायन. ग्रेसींची अशी रांग लागली असताना घराण्याचा पहिला नंबर समोर आला नाही. न झालेल्या लढतीत हार होत नाही, हेही शून्यामागचं एक कारण आहे.

निळापट्टा

त्याच्या मुलाबद्दल वरच्याच प्रतिसादात लिहिलंय आणि तुम्ही विचारता साकुराबाशी का लढला नाही? वीस वर्षं अंगावर घेतल्यावर एखादा बाप थांबला तर त्यावर पळपुटेपणाचा शिक्का मारू नये.

आकडेमोड

पळपुटा म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही. डिसेंबरच्या आधीचे महिने माझ्या डोक्यात होते. पण शब्द कठोर झाले, ते मागे घेतो. मुद्दा तेवढाच: विजयांची यादी वाचताना कुणाकुणाशी गाठ पडली नाही हेही वाचावं.

खडाखडी

सगळे बोलले, पण रॉन ट्रिपचं नाव अजून कुणी घेतलं नाही. १९९३, ओक्लाहोमा, अमेरिकेची सँबो स्पर्धा. ट्रिप जूडो आणि सँबोमधला कसलेला माणूस. मिनिटाच्या आत त्याने रिक्सनला उचलून पाठीवर टाकलं. सँबोत टाकणारा उभा राहिला आणि समोरचा सपशेल पाठीवर पडला की पूर्ण विजय, सामना तिथेच संपतो. रिक्सनच्या बाजूचं म्हणणं असं की हा नियम त्याला माहीत नव्हता, म्हणून ती हार नाही.

आता तालमीत वाढलेल्या माणसाने सांगावं. पाठ लागली की काय होतं? आपल्याकडे तर कुस्तीचा सगळा जीव त्या पाठीत आहे. खांदे मातीला टेकले, चितपट, हलगी वाजली, मैदान सोडायचं. नंतर कुणी म्हणालं की मी खालूनही लढू शकलो असतो, तर वस्ताद ऐकून घेतील?

लालमाती

खडाखडी, मला चार वर्षांपूर्वी पहिल्याच आठवड्यात हाच धक्का बसला होता. समोर एक सडपातळ पोरगा, कॉलेजातला. मी एकेरी पट काढला, तो पाठीवर पडला. अंगवळणी पडलेली सवय, मी हात सोडून उठायला लागलो. माझ्या मनात कुस्ती संपली होती. त्याने खालूनच पाय माझ्या मानेभोवती टाकले आणि मी दोन सेकंदांत त्याच्या मांडीवर थापा मारत होतो.

जिउ-जित्सूत पाठ टेकली की खेळ सुरू होतो. एलिओंनी आणि त्यांच्या भावांनी ही विद्या घडवली तीच मुळी अंगाने लहान माणूस खाली अडकला तर काय करेल या प्रश्नावर. ज्याने आयुष्यभर पाठीवरून लढून जिंकलं त्याला ‘पाठ लागली, तू हरलास’ हे आतून पटणार नाही, हे मी समजू शकतो.

तरीही माझं मत तेच. ज्याच्या आखाड्यात उतरलास त्याचा निकाल घ्यावा लागतो. उद्या मी जिउ-जित्सूच्या स्पर्धेत समोरच्याला पाठीवर टाकून हात वर केले तर मला कुणी विजयी म्हणेल का?

शाहूपुरी_जुना

मी जिउ-जित्सू खेळलेलो नाही, कुस्त्या मात्र साठ वर्षं पाहतोय. लालमाती, तुम्ही वहीची गोष्ट सांगितलीत म्हणून लिहितो.

गामा पैलवानांना आपण अजिंक्य म्हणतो. मीही म्हणतो. पण रहीम सुलतानीवाल्याशी त्यांच्या कुस्त्या बरोबरीत सुटल्या, हे जुनी माणसं सांगत. १९१० साली लंडनला पोलंडच्या झबिस्कोशी अडीच तासांवर कुस्ती चालली, तो पोटावर पडून राहिला, निकाल लागला नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा धरायची ठरली तेव्हा झबिस्को आलाच नाही. १९२८ ला पतियाळात दोघे परत भेटले आणि गामांनी मिनिटभरातच त्याला आस्मान दाखवलं. गामांच्या नावावरही हजारो कुस्त्या सांगतात. त्यांची वही कुणी मागितली नाही.

मग परदेशातल्या पैलवानाकडे वही का मागायची? लोक ज्याला अजिंक्य म्हणतात त्यात आकड्यापेक्षा धाक असतो. तो मैदानात आला की समोरच्याची जोड अर्धी तिथेच तुटते. रिक्सनचा भाऊ रॉयस १९९३ ला अमेरिकेतली ती पहिली यूएफसी स्पर्धा जिंकला, आपल्याहून अंगापिंडाने मोठी माणसं हरवली, आणि वर म्हणाला की माझा भाऊ माझ्यापेक्षा दहापट भारी आहे. घरचाच भाऊ, तोही जिंकून आलेला, असं म्हणतो तेव्हा त्याने घरच्या मॅटवर काहीतरी सोसलेलं असतं.

लालमाती

काका, तुमच्या शब्दापुढे बोलणं जड जातं, पण बोलतो. गामांच्या बरोबरीत सुटलेल्या कुस्त्या तुम्ही स्वतःच सांगितल्यात. त्या सांगून गामा लहान झाले नाहीत, उलट रहीम पैलवानांचं नाव राहिलं. मला तेच हवंय. ४००-० म्हटलं की समोरचे चारशे जण पुसले जातात. त्यांना नावच नाही.

युकी नाकाईचं उदाहरण घ्या. १९९५, बुदोकान. सत्तर किलोच्या आसपासचा पोरगा. पहिल्या लढतीत जेरार्ड गोर्डोने डोळ्यात बोट घातलं, उजव्या डोळ्याची दृष्टी गेली ती कायमची. तरी त्याने गोर्डोला पाय मुरगळून हरवलं. मग आपल्याहून कितीतरी जड क्रेग पिटमनला हात धरून हरवलं. आणि अंतिम फेरीत एका डोळ्याने रिक्सनसमोर उभा राहिला. हरला. डोळा गेल्याचं त्याने बरीच वर्षं सांगितलं नाही, खेळाला बट्टा लागेल म्हणून. नंतर तोच माणूस जपानमध्ये जिउ-जित्सू शिकवू लागला.

ही लढत रिक्सनच्या अकरांतली एक आहे, तिला तारीख आहे, जागा आहे, माणूस आहे. म्हणून मला ती आज सांगता येते.

निळापट्टा

नाकाईबद्दल वाचून गप्प झाले. हे मला माहीत नव्हतं, चार वर्षं मॅटवर असून कुणी सांगितलं नव्हतं. चारशे मात्र पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

तरी अंजो आणि दुआर्ते मोजा. ११ म्हणून थांबू नका, नाहीतर तुमच्याही वहीत खाडाखोड राहील.

लालमाती

ताई, कबूल. ते दोन्ही मोजतो, वेगळ्या पानावर: रिंगबाहेरच्या म्हणून. आणि त्याच्या पुढच्या ओळीत ट्रिपची लढतही लिहितो, १९९३, ओक्लाहोमा, ‘गेली’.

खडाखडी

ट्रिपच्या ओळीत ‘सँबोच्या नियमाने’ एवढं जोडा. मग माझी हरकत नाही.

शाहूपुरी_जुना

माझी आहे. पण आजोबांची वही एकदा बघायला आवडेल. कोणत्या सालापासूनची आहे?