मदत हवी आहे: बेटामॅक्सच्या जुन्या व्हिडिओ कॅसेट डिजिटल करायच्या आहेत (मालवण)

नमस्कार मंडळी,

आमचे काका मस्कतला नोकरीला होते. वाडीत कलर टीव्हीची नवलाई होती तेव्हा त्यांनी सोनीचा बेटामॅक्स व्हीसीआर आणला, मागोमाग कॅमेराही. चित्र व्हीएचएसपेक्षा (तेव्हाची दुसरी व्हिडिओ कॅसेटची पद्धत) सरस, हे ते आजही छातीठोक सांगतात. असेलही, पण बाजार व्हीएचएसने मारला. सोनीने २००२ मध्ये बेटामॅक्सची यंत्रं बनवणं थांबवलं आणि २०१६ मध्ये कॅसेटही बंद केल्या.

माळ्यावरच्या कॅसेटींत आजीचा आवाज आहे, घरचा गणपती, शिमग्याची पालखी, देवळातला दशावतार. बेटाची कॅसेट आकाराने लहान, व्हीएचएसच्या यंत्रात चालत नाही. इथल्या एका स्टुडिओवाल्याने "बघूया तरी" म्हणत कोंबायला घेतली होती, वेळीच हिसकावली!

कोकणातली दमट हवा, त्यामुळे काही फितींवर पांढरी बुरशी आहे. ती साफ केल्याशिवाय कॅसेट लावली तर यंत्राचं हेड (फीत वाचणारा भाग) खराब होतं आणि बुरशी पुढच्या कॅसेटलाही लागते, म्हणून हात लावलेला नाही. रत्नागिरी, कोल्हापूर, पुणे किंवा मुंबईत चालू बेटामॅक्स असलेला, बुरशीचं काम जाणणारा भरवशाचा माणूस कोणाला माहीत आहे का? साधारण दर काय? रेकॉर्डिंग पाल (PAL) या टीव्ही-चित्राच्या पद्धतीचं आहे. कुरिअर नको, स्वतः घेऊन येईन.

काकांच्या यंत्राचा दिवा लागतो, फीत फिरत नाही. रबरी पट्टे गेले असावेत. ते कुठे मिळतील?

कोणाकडे बंद बेटामॅक्स पडून असेल तर सुट्या भागांसाठी विकत घेईन. फक्त काकांच्या कानावर घालू नका, ते आणखी दोन शोधायला निघतील.