हॉटेलच्या पोरानं आधारचे फोटो स्वतःच्या मोबाईलमध्ये काढले, काय करावं?

परभणीची_ताई:
बहिणीची परीक्षा होती म्हणून आम्ही दोघी संभाजीनगरला राहिलो, बुटीक हॉटेल म्हणतात तसलं, थोड्याच खोल्या, दिसायला लई भारी. पण रिसेप्शनवरच्या पोरानं झेरॉक्स बंद आहे म्हणून दोघींच्या आधारचे फोटो स्वतःच्या मोबाईलमध्ये काढले, अन् लॉबीत माणसं बसलेली असताना रूम नंबर मोठ्यानं सांगितला. रात्री कोणीतरी बेल न वाजवता बाहेरून चावी लावायलं, आतून कडी होती म्हणून बरं, म्हणे टॉवेल द्यायचे होते! घरचे म्हणायलेत जाऊ दे, पण माझ्या डोक्यातून ते फोटो जाईनात. आधार द्यायला नाही म्हणता येतं का? अन् ते फोटो काढून टाकायला कसं लावायचं?

लातूरवाला:
सगळीकडंच घेतात ओ ताई. लपवायसारखं काही नसलं तर कशाला टेन्शन घ्यायलात.

फ्रंट_ऑफिस:
दादा, लपवायचा प्रश्नच नाही इथं. मी याच लाईनमधे आहे, वेरूळ-अजिंठ्याचे पाहुणे रोज येतात आमच्याकडं. रजिस्टर ठेवावं लागतं, पोलीस बघतात, परदेशी पाहुणा असला तर २४ तासांत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन कळवावी लागते, म्हणून ओळखपत्र मागणं बरोबरच आहे. पण ते आधारच पाहिजे असं काही नाही, लायसन, मतदान कार्ड, पासपोर्ट काहीही चालतं. आधारच द्यायचं असलं तर मास्क्ड आधार डाउनलोड करा, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात. स्टाफच्या पर्सनल मोबाईलमधे फोटो हे मात्र साफ चूक, तो पोरगा उद्या नोकरी सोडून गेला तर पाहुण्यांचे कागद त्याच्यासोबत गेले ना. रूम नंबर आम्ही चावीच्या पाकिटावर लिहून देतो, तोंडानं कधीच सांगत नाही. अन् आत पाहुणे असताना आवाज न देता चावी लावायची नसती, हे तर पहिल्या दिवशी शिकवतात.

नांदेडचा_वकील:
ताई, फोनवर बोलत बसू नका, हॉटेलला ईमेल करा. तारीख, वेळ, कोणाच्या मोबाईलमधे फोटो काढले, पुढं कोणाला पाठवले का, बॅकअपमधून पण काढले का, सगळं विचारा अन् उत्तर लेखी मागा. त्या रात्रीचं चावीचं पण त्यातच लिहा. खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे हे सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांनी २०१७ लाच सांगितलंय, डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मधे आलेत पण बऱ्याच अटी टप्प्याटप्प्यानं लागू होणारेत, म्हणून आज सगळी मदार त्यावर ठेवू नका. तोवर आधारच्या सरकारी ॲपमधून दोघींचं बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे अन् डोळ्यांची ओळख, लॉक करून टाका.

बीडची_लेक:
खोलीत कॅमेरा असंल का याची मला लई भीती वाटते, तसं काही दिसलं तर?

नांदेडचा_वकील:
हात लावू नका, काढू नका, जागेवरच फोटो घ्या अन् ११२ ला फोन करा. बाईचं असं चोरून चित्रण केलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ लागतं, पहिल्याच गुन्ह्याला किमान १ वर्ष कैद आहे. कॉरिडॉरमधला सीसीटीव्ही चालतो, पण त्याचं तोंड खोलीच्या आत नको.

परभणीची_ताई:
मेल टाकला. मॅनेजरचा लगेच फोन आला, फोटो डिलीट केले म्हणले, मी म्हणलं हेच मेलवर लिहून द्या. अजून आलेलं नाही, उद्या परत मेल टाकते.