पुळणीतली बाग: तुमच्याकडे काय जगलं, काय मेलं?

काल आईने जुना फोटो पाठवला, श्रीवर्धनच्या घराची मागची पडवी, मी फ्रॉकमध्ये आणि शेजारी गुलाबाची काठी. काठीच, कारण तिला पान कधी फुटलंच नाही. दर सुट्टीत मी नवीन कलम न्यायचे आणि आजोबा म्हणायचे, अगो पुळण आहे ही, नुसती वाळू, घातलेलं पाणी थेट पाताळात जातं. आजीची अबोली आणि सदाफुली मात्र मुकाट फुलायची. आता तिथेच पुन्हा बाग करायला घेतलीय, ३ जून २०२० च्या वादळात माड आडवे झाले ते झालेच, उंडीचं झाड तेवढं उभं आहे. आजोबांची पद्धत आठवून अडीच फूट खड्डा, तळाला नारळाची सोडणं पोकळ बाजू वर करून, वर शेणखत-माती. ओल टिकतेय. तुमचे अनुभव लिहा ना.

माडवाला
खत एकदम ओतू नका. वाळूत धरून ठेवणारं काही नसतं, पहिल्या जोरदार सरीत सगळं खाली. थोडं थोडं, चार वेळा. मी एकदाच पोतंभर घातलं, माडाला काही नाही, बांधावरचं गवत मात्र कमरेएवढं 😄

खारीहवा
उंडी!! आमच्याकडे होडीला उंडीचं तेल लावायचे, वास अजून नाकात आहे. असो. समुद्राच्या बाजूला आधी कण्हेर लावा, वारा अडेल, मग आत मोगरा. माझ्या पहिल्या मोगऱ्याची पानं खाऱ्या वाऱ्याने कडेकडेने करपली, मी आपली कीड समजून फवारे मारतेय महिनाभर

सुमीताई
सुरूच्या झाडाखाली काही लावू नका. सुयांचा थर पडतो, खाली काही उगवत नाही. तीन वर्षं घालवली. कुकर झाला, नंतर लिहिते.

वाळवंटी_माणूस
दुबईत आमच्याकडे फक्त वाळूच 😅 बोगनवेल आणि अडेनियम मस्त, अडेनियमला तर पाणी जास्त झालं की बुंधाच कुजतो. कढीपत्ता कुंडीत, त्याचे लाड वेगळे.

मालवणकरीण
रताळी लाव गो, वाळवेत गोड होतत. शेवगो पण. गुलाब कित्याक व्हयो?

अलिबागी
वाल राहिले की! थंडीत शेंगा भरल्या की पोपटी लावायची. मडक्यात भांबुर्डीचा पाला, शेंगा, अंडी, मडकं उपडं घालून भोवती जाळ.

माडवाला
@अलिबागी भांबुर्डी नसेल तर चालतं का? इथे ठाण्यात मिळत नाही

अलिबागी
चालत नाही. या इकडे.

सुमीताई
आले. मूळ मुद्दा राहिला, पालापाचोळा जाळू नका, आळ्यात पसरा, उन्हाळ्यात वाळू इतकी तापते की रोपाची मानच भाजते. आणि त्या आजीच्या अबोलीचं बी मिळेल का? आमच्याकडची पिवळट आहे, मला ती केशरीच हवीय.

(धागाकर्ती)
देईन की ताई. पण वाळलेली बोंडं कोरड्या हाताने काढावी लागतात, ओलं बोट लागलं की टचकन फुटून बी उडतं. लहानपणी आम्ही जिभेवर ठेवायचो, आजी ओरडायची. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.