हीथक्लिफ आवडत नाही, तरी पुस्तक सुटत नाही

एमिली ब्राँटेची ‘वदरिंग हाइट्स’ नुकतीच पुन्हा वाचली. १८४७ साली एलिस बेल या टोपणनावाने आलेली ही तिची एकमेव कादंबरी. सगळे तिला प्रेमकथा म्हणतात, पण जीव लावावा असं माणूस त्यात मला सापडत नाही. तुमचं काय झालं? अर्ध्यात सोडलीत, की नेटाने पूर्ण केलीत? जरूर लिहा. माझ्यापासून सुरुवात करते.

विसाव्या वर्षी नवव्या प्रकरणाशी ढसाढसा रडले होते. हीथक्लिफ हा कॅथरीनच्या घरी वाढलेला अनाथ मुलगा. त्याच्याशी लग्न केलं तर मला कमीपणा येईल, असं ती घरातल्या मोलकरणीला, नेलीला, सांगते. तो तेवढंच ऐकून निघून जातो. ‘मीच हीथक्लिफ आहे’ हे त्याच्या कानावर पडतच नाही. यंदा तिथेच तिचा संताप आला. लग्न शेजारच्या श्रीमंत एडगरशी करायचं आणि त्याच्याच पैशाने हीथक्लिफला वर काढायचं! एडगरला काय वाटेल, हा विचारच नाही. पण खरं सांगते, राग आल्यावरच तिचं बोलणं मी नीट ऐकलं.

*

मी सोडली होती. एडगरच्या बहिणीला, इझाबेलाला, पळवून नेताना हीथक्लिफ तिच्या कुत्रीला फास लावून टांगतो. नेली तिला जेमतेम वाचवते. आमचा म्हातारा कुत्रा तेव्हा माझ्या पायाशी झोपला होता. पुस्तक मिटलं, ते दोन वर्षांनी उघडलं. मग इझाबेलाचं पत्र आलं : हा माणूस आहे का? असेल तर वेडा आहे का? नसेल तर सैतान आहे का? तिला सगळे मूर्ख म्हणतात. पण गरोदर असताना ती एकटी त्या घरातून निसटते. या पुस्तकातली सगळ्यात धीट बाई माझ्या मते तीच, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

*

निम्म्यात सोडली. सगळेच एकमेकांना ओरबाडतात. परत हात लावणार नाही.

*

वर नवव्या प्रकरणाचा विषय निघालाय म्हणून लिहिते. हीथक्लिफ बाकावरून उठून जाताना नेलीला दिसतो, तरी ती कॅथरीनला तिथल्या तिथे सांगत नाही. मी ही कादंबरी बी.ए.च्या वर्गाला शिकवते. एका विद्यार्थिनीने विचारलं, “मॅडम, मग हिच्यावर विश्वास का ठेवायचा?” बहुतेक सगळी गोष्ट तर नेलीच सांगते! तेव्हापासून मला हीथक्लिफपेक्षा नेलीची धास्ती जास्त वाटते.

*

वडिलांमुळे याच कथेवर बेतलेला ‘दिल दिया दर्द लिया’ (१९६६) आधी पाहिला होता. दिलीपकुमारचं ते दुःख मी पुस्तकात शोधत राहिले. सापडला तो डूख धरणारा माणूस. कॅथरीनच्या भावाने, हिंडलीने, ह्याचं शिक्षण तोडलं, म्हणून ह्याने हिंडलीच्या मुलाला, हेअरटनला, अडाणी ठेवलं. तो मुलगा स्वतःच अक्षरं जुळवू लागतो, तर कॅथरीनची मुलगी, धाकटी कॅथी, त्याच्या अडखळण्याला हसते. तो पुस्तकं आगीत टाकतो.

तिथे मला पुढे वाचवेना. माझी आजी साठीत लिहायला शिकत होती. ‘क्ष’ जमायचा नाही. मी शाळकरी, तिला हसले. तिने पाटी ठेवून दिली ती कायमची.

शेवटाकडे कॅथी हेअरटनला शेजारी बसवून वाचायला शिकवते, चुकलास तर केस ओढीन म्हणते. ते पान मी मोठ्याने वाचलं. आजीला जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.