मदत हवी आहे: डोमेन व्हीपीएसला जोडलं, पण एसएसएल काही केल्या मिळत नाही

धांदरट
मंडळी, व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) घेतलाय. त्यावर उबुंटू, वेबसर्व्हर एन्जिनएक्स. डोमेनच्या पॅनलमध्ये ए रेकॉर्ड (नावाचा आयपी पत्ता सांगणारी नोंद) सर्व्हरच्या आयपीवर वळवला. लॅपटॉपवर साइट झक्कास उघडते. पण सर्टबॉट (एसएसएल सर्टिफिकेट आणणारा प्रोग्राम) चालवला की एरर, आणि मोबाईलवर अजून 'लवकरच येत आहे' छापाचं जुनं पान. उद्या सकाळी साइट दाखवायची आहे. लवकर सांगा.

निवांत
४८ तास थांबा. डीएनएस, म्हणजे नावावरून आयपी सांगणाऱ्या नोंदी, जगभर पसरायला वेळ लागतो.

धांदरट
५० झाले.

निवांत
मग ७२ धरा.

टर्मिनलवाला
रेकॉर्ड कुठे पसरत-बिसरत नाही हो. रिझॉल्व्हर (आपल्या वतीने पत्ता विचारणारा सर्व्हर) एकदा मिळालेलं उत्तर टीटीएल, म्हणजे ठरवून दिलेले सेकंद, संपेपर्यंत जपून ठेवतो, मग परत विचारतो, एवढंच. तुमचे ते ४८ तास आले कुठून, तर डॉट कॉमचे सर्व्हर नेमसर्व्हरच्या (डोमेनच्या नोंदी ठेवणाऱ्या सर्व्हरच्या) माहितीला १,७२,८०० सेकंदांचा टीटीएल लावतात. इथे नेमसर्व्हर बदललेत असं कुणी म्हटलंय का? धांदरट, टीटीएल किती, एरर काय, डोमेन कोणतं?

धांदरट
नेमसर्व्हर तेच आहेत. टीटीएल ३६००. एरर म्हणजे ऑथोरायझेशन फेल वगैरे, ४०४. डोमेन क्लायंटचं आहे, इथे टाकता येणार नाही.

काळी मांजर
फायरवॉल! ८० नंबरचा पोर्ट उघडा. माझंही अगदी असंच झालं होतं, अख्खा रविवार गेला.

धांदरट
लॅपटॉपवर उघडते असं लिहिलंय की वर.

टर्मिनलवाला
शिवाय फायरवॉलने अडवलं असतं तर टाइमआउट आला असता. ४०४ म्हणजे कुणीतरी दार उघडून 'इथे नाही' म्हणतंय. दार कुणाचं, ते बघायचं. सर्टबॉट चालवताना एन्जिनएक्सच्या अॅक्सेस लॉगमध्ये लेट्स एन्क्रिप्टची (सर्टिफिकेट देणाऱ्यांची) विनंती दिसते का?

धांदरट
लॉगमध्ये फक्त मीच आहे.

पोस्टमास्तर
मेलसाठीचा एमएक्स रेकॉर्ड टाकलात ना? आणि आयपीवरून नाव सांगणारा पीटीआर रेकॉर्ड डोमेनच्या पॅनलमध्ये शोधू नका, तो व्हीपीएसवाल्याकडे लावून घ्यावा लागतो. नाहीतर तुमच्या मेल थेट स्पॅममध्ये.

धांदरट
मला मेल नकोच आहे!

पोस्टमास्तर
आज नको. सगळे असंच म्हणतात.

उंटावरचा
एवढा खटाटोप कशाला? सर्टिफिकेट डीएनएस-०१ पद्धतीने घ्या, डोमेन आपलं असल्याचा पुरावा म्हणून टीएक्सटी (मजकुराचा) रेकॉर्ड टाकला की झालं. मी गेली कित्येक वर्षं दुसरं काही वापरत नाही.

टर्मिनलवाला
सर्टिफिकेट मिळेल, पण मोबाईलवर जुनं पान तसंच राहील, त्याचं काय? धांदरट, एरर पूर्ण चिकटवा. 'वगैरे' नको.

देवनागरीप्रेमी
डोमेन देवनागरीत का घेत नाही कुणी? आतून प्युनीकोडच (इंग्रजी अक्षरांतलं रूप) असतो, पण दिसायला आपलं.

धांदरट
घ्या: 'अनऑथोराइज्ड. २००१:डीबी८::२५: इनव्हॅलिड रिस्पॉन्स… ४०४'. आयपी बदलून लिहिलाय.

टर्मिनलवाला
कोलन आधी नाही का दाखवायचे! हा आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचा पत्ता आहे. तुमच्या डोमेनच्या नोंदींमध्ये क्वाड-ए (एएएए, आयपीव्ही६ पत्ता सांगणारा) रेकॉर्ड पडलाय, बहुतेक डोमेन विकणाऱ्या रजिस्ट्रारच्या पार्किंग पानाचा, म्हणजे त्या 'लवकरच येत आहे'चा. घरचं नेट जुन्या आयपीव्ही४ वर असणार, म्हणून लॅपटॉप तुमच्या सर्व्हरवर जातो. मोबाईल डेटा आयपीव्ही६ पकडतो आणि पार्किंगवर पोचतो. लेट्स एन्क्रिप्टही क्वाड-ए असेल तर आधी तिकडेच जातं. तो रेकॉर्ड उडवा. सर्व्हरला आयपीव्ही६ असेल आणि एन्जिनएक्स त्यावर ऐकत असेल, तरच नवा टाका.

धांदरट
अहो, तो दिसला होता मला! एकाऐवजी चार ए, मला वाटलं पॅनलचीच गडबड. हात लावला नाही.

टर्मिनलवाला
😐 आता सर्टबॉट सारखा चालवत बसू नका. एका तासात पाच वेळा फसला की लेट्स एन्क्रिप्टवाले त्या नावासाठी अडवतात. आधी डिग कमांडने नेमसर्व्हरलाच क्वाड-ए विचारा. उत्तर रिकामं आलं की मगच चालवा.

धांदरट
मिळालं सर्टिफिकेट!! पहिल्याच फटक्यात. मोबाईल डेटावर मात्र अजून जुनंच पान. त्या रेकॉर्डचा टीटीएल १४४०० होता.

टर्मिनलवाला
म्हणजे जास्तीत जास्त चार तास. सकाळपर्यंत होईल.

निवांत
थांबा म्हणून मी सगळ्यात आधी सांगितलं होतं.